वाढ नाही

मंगळवारी दुपारी सव्वादोनला बाटली आली.
स्वरा ढेबे, वय वर्षं तीन, वॉर्ड सहा.
मेंदूतलं पाणी, दोन मिलिलिटर,
आणि वेगळ्या डबीत
नळीचं कापलेलं टोक, बोटाच्या पेराएवढं.
पाणी तसं नितळच.
ट्यूबलाइटसमोर धरलं तर
कुणीतरी आत श्वास सोडल्यासारखं.

ही नळी डोक्यातून निघते,
कानामागून, गळ्यावरून, बरगड्यांवरून
कातडीखालून चालत पोटात रिती होते.
मध्ये एक झडप.
बाबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते,
म्हणजे आपलंच काम की!
एकोणतीस वर्षं पालिकेचे व्हॉल्वमन.
मोरब्याचं पाणी कोपरखैरण्याच्या कुठल्या सेक्टरला
पहाटे किती आट्यांनी सोडायचं
ते त्यांच्या मनगटाला पाठ.
जुना पाइप निघाला की आतून बोट फिरवून दाखवायचे :
"बघ. वरून धो धो पाणी जातंय,
ह्याला काही फरक पडत नाही. हे धरून बसतं."
तपकिरी, बुळबुळीत.
मी हात मागे घ्यायचे.

स्लाइड रंगवली. पेशी थोड्या, जंतू नाहीत.
बुधवारी प्लेटवर : वाढ नाही.
गुरुवारी : वाढ नाही.
संगणकात हे शब्द आधीच भरलेले असतात,
एक बटण दाबायचं फक्त.

रिपोर्टच्या खिडकीशी स्वराची आई.
नवरा मार्केटात कांदा उतरवायला,
मुलीचा ताप रोज संध्याकाळी यायला.
"वाढ नाही म्हणजे चांगलं ना, ताई?
अंगणवाडीच्या कार्डावर पण हेच होतं.
तिथे बाई रागावल्या होत्या."

डॉक्टर मुकादम म्हणाल्या, टाकू नकोस.
चौदा दिवस ठेव.
आणि वॉर्डातून पाणी पुन्हा मागव.
मी हवा काढलेल्या बरणीत प्लेटा कोंडल्या,
ब्रॉथच्या बाटल्या मागच्या फळीवर लावल्या.
रोज सकाळी एकेक उजेडात धरायची,
पुन्हा ठेवायची.
सहावा. सातवा.
आठव्याला रविवार होता, तरी आले.

नवव्या दिवशी तळाशी
सुईच्या टोकाएवढा ढग.
भिंगाखाली जांभळ्या बारीक काड्या,
पाटी पुसताना राहून गेलेल्या
काने-वेलांट्यांसारख्या, एकमेकींवर रेललेल्या.

नाव मिळालं. पत्ता मिळेना.
हा तर मुरुमातला.
माझ्या नाकपुडीशेजारी लाखांनी,
शिपाई गवाणकरांच्या भुवईत,
रिपोर्ट सही करणाऱ्या हातावर.
कुणाचं काही न बिघडवता सगळ्यांचा भाडेकरू.
मग हा तिच्या नळीतला,
की माझ्या कपाळावरचा?

त्या मंगळवारी वीज गेली होती.
हूडचा पंखा थांबला होता.
मी घाम पुसला होता,
कोपराने?
नऊ दिवसांपूर्वीचं कोपर आठवत बसले.

माझा म्हटलं, तर उरलेली नळी आत राहणार
आणि तोही.
तिचा म्हटलं, तर कवटीपर्यंत सगळं उपसून काढायचं,
तीन वर्षांच्या मुलीचं,
कदाचित माझ्या घामापायी.

दुपारी नळीच्या टोकाची बरणी उघडली.
तिथेही त्याच काड्या.
अकराव्या दिवशी दुसऱ्या पाण्यातही.
त्या दिवशी वीज होती,
बाटली मी नाही, रेहानाने उघडली होती.
तेव्हा कुठे भरलेले दोन शब्द खोडले,
लांबलचक नाव एकेक अक्षर तपासून टाइप केलं,
आणि वॉर्ड सहाला फोन लावला.

ती खिडकीशी आलीच.
कुठून आला म्हणाली.
कातडीतून, हे सांगायचं
तर कुणाच्या, हेही सांगावं लागतं.
मी म्हटलं, नळीला धरून बसला होता.
तिने कागद घेतला, उलटा धरला, सुलटा केला.
"मग आता वाढ आहे?"
हो म्हटलं.

रात्री घणसोलीत नळाला पाणी आलं.
तोंड धुतलं. दोनदा.